पुढचं टोक

बायको गेल्याचं मला विजापूरच्या पुढे, ट्रकचं चाक बदलताना फोनवर कळलं. गावी पोचलो तेव्हा अस्थीसुद्धा सावडून झाल्या होत्या. वडिलांच्या वेळचा तो ट्रक मी घरामागे उभा केला आणि परत चालू केला नाही.

या वर्षी मुलगा म्हणाला, "आजोबांची गाडी आहे, भंगारात नाही घालायची." त्यानं रावसू वेल्डरला बोलावलं. रावसूनं हातोडीनं सगळी चेसी ठोकून पाहिली, गंज खरवडला आणि हसायलाच लागला.

"अण्णा, मागं लोखंड शाबूत आहे. पुढचं टोकच तेवढं चाळण झालंय. समुद्रात बुडवून आणलं होतं काय?"

"नारळाचं पाणी," मी म्हणालो. "मी फेरीला निघालो की ती तिथंच नारळ फोडायची."

"म्हणजे वहिनींनीच खाल्ली की गाडी!"

मी तिला सांगायचो, अगं, पाणी पुसून तरी घे, गंज धरेल. ती म्हणायची, "लोखंडाला धरू दे. तुम्ही धड परत या."

प्रत्येक वेळी मी धड परत आलो. त्या वेळीही आलो, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. घरी राहणाऱ्या बाईसाठी नारळ फोडायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"टोक कापून नवीन जोडतो," रावसू म्हणाला. मुलानं माझ्याकडे पाहिलं.

"आधी बाकीचं कर," मी म्हणालो.

बाकीचं झालं, रंगही लागला. रावसू परत परत विचारून जातो. पुढचं टोक अजून कापायचं आहे.