उषाकाकूंचा फ्रिज

केशवच्या पाठीचा कणा संधिवाताने आखडत चालला होता. दर आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि त्या पावसाळ्यात तो कितीतरी दिवसांनी वाकून लेकीच्या सँडलचा पट्टा लावू शकला. संक्रांतीपर्यंत मात्र पाठ पुन्हा लाकडासारखी ताठ झाली. “हे औषध तुम्हाला लागू पडत नाही,” म्हणत डॉक्टरांनीही हात टेकले.

मंठ्यातल्या त्याच्या गल्लीत फ्रिज एकट्या उषाकाकूंकडे, म्हणून थंड ठेवायची ती इंजेक्शनं त्यांच्याकडेच असत. उरलेली दोन परत आणायला तो गेला.

“राहू दे की रे,” काकू मायेनं म्हणाल्या, “मला कुठं त्याचा खर्चा होऊन राह्यला?



थंडीत फ्रिज कोण चालवतं? दिवाळीपासून बंदच हाये.”