डाव्या बुटातला सोल

सगळ्यात महागडाच गळ्यात मारणार हे, असं ऋजुताला वाटलं. दुकानदार तांबोळीकाकांनी बुटात घालायचा मऊ सोल बाजूला सारून कडक, उंच कमानीचा काढला होता.

"मऊ सोल चालायला बरा. स्केटबोर्डवरून उडी मारलीस की तो दबतो आणि टाच आपटते. जुने बूट दे बघू."

तिने नाइलाजाने दिले. काकांनी आतले सोल उपसून काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले. उजवा पार चेपला होता, डावा जवळजवळ नवा.

"डाव्या पायावर तू उतरतच नाहीस. कधीपासून दुखतोय?"

ऋजुता दचकली. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. दुखणं तिने घरीही सांगितलं नव्हतं; फक्त स्केटबोर्ड शिकवणाऱ्या सरांना संशय आला होता. "सरांनी फोन केला ना तुम्हाला?"

"कुठले सर?" म्हणत काकांनी तिच्या डाव्या टाचेवर अंगठा दाबला. ती कळवळली.

त्यांनी नवा सोल खोक्यात परत ठेवला. "आधी हाडाच्या डॉक्टरांकडे जा. आज मी तुला काहीच विकणार नाही."

तिने जुने सोल बुटांत सरकवून बूट पायात चढवले. मग दुकानाच्या पायऱ्या उतरताना, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, तिने लंगडणं लपवलं नाही.