कपाळ तर थंड आहे

"कपाळ तर थंड आहे," बाईंनी मुलीच्या कपाळावरचा हात काढून घेतला. "गणिताची चाचणी आहे ना आज? त्या तापावर माझ्याकडे औषध नाही बाई. पळ वर्गात."

मुलगी पळाली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "आई म्हणते, आजारी-खोलीतल्या बाई नुसता हात लावून ताप ओळखतात."

ते खरंच होतं. शाळेतली पोरं पाठीमागे त्यांना तापबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही. थर्मामीटर खणात असायचा, पण तो आईबापांना दाखवण्यापुरता. पोराला सकाळी औषध पाजून फाटकात सोडून जाणाऱ्या आयाही त्यांच्या हातातून सुटत नसत. मधल्या सुट्टीपर्यंत औषध उतरायचं, पोर फणफणायचं आणि बाई फोनवर त्या आईची बिनपाण्याने करायच्या. "ताप असला की घरी ठेवायचं, हे किती वेळा सांगायचं? औषधाने दडपलेला ताप हाही तापच असतो. तुमची रजा वाचते हो, पण शेजारच्या पोराच्या जिवावर बेततं!"

शेजारचं पोर म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकच पोर असायचं. पहिलीतला पिटुकला. त्याची छाती जन्मापासूनच अधू. इतरांना नुसतं शिंकायला लावणाऱ्या सर्दीने त्याला एकदा थेट इस्पितळात नेलं होतं, आणि तिथून तो परत येईल की नाही याची खात्री तेव्हा कुणी देत नव्हतं. त्याच्या आईने शाळेकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाई, त्याच्या जवळपास कुणी आजारी असलं की मला तेवढं कळवा. हातातलं काम टाकून येईन."

आज तशी वेळ आली नव्हती. मधल्या सुट्टीनंतर पोरांची रीघ लागली होती खरी. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाचे पाय. पण सगळ्यांची कपाळं थंडगार. बाईंनी एकेकाला वर्गात पिटाळलं होतं. पिटुकला नेहमीसारखा त्याचा श्वासाचा पंप घ्यायला आला, तेव्हा त्याला मांडीवर घेतलं, श्वास नीट लागेपर्यंत छातीशी धरून ठेवलं, गालाचा पापा घेतला आणि मग सोडलं. तो गेल्यावर त्यांनी पंखा बंद केला. शाल अंगाभोवती घट्ट ओढली. चहा कडूजहर लागला, म्हणून तसाच ठेवला.

"बाई, परत एकदा बघा ना."

"अगं, किती नाटकं करशील!" असं म्हणत बाई उठल्या. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी हात ठेवला. कपाळ मघासारखंच थंड. मुलीने मात्र डोळे मिटले आणि लगेच मान मागे घेतली.

"बाई, तुमचा हात किती गरम आहे!"

बाईंचा हात हवेतच राहिला.

सकाळी अंग मोडून आलं होतं. त्यांनी चहाबरोबर एक गोळी घेतली होती आणि निघाल्या होत्या. त्यांच्या जागी बसायला दुसरं कुणी नव्हतं. त्या आल्या नसत्या तर खोलीला कुलूप लागलं असतं. मग पोरांकडे कोण बघणार? पिटुकल्याला पंप कोण देणार?

आणि आता मधली सुट्टी होऊन गेली होती.

त्यांनी खण उघडला. थर्मामीटर मुलीच्या काखेत ठेवला. मुलीला सणसणून ताप होता. मग तो पुसून स्वतःच्या काखेत ठेवला. बाहेर काढून पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. तापलेल्या हाताला दुसरं काय लागणार? सगळीच कपाळं थंड.

बाईंनी मुलीला कॉटवर निजवलं, खिडक्या सताड उघडल्या, तोंडाला रुमाल बांधला. शिपाईमामांना दारातूनच ओरडून सांगितलं, "मामा, मघाशी मी वर्गात पाठवलेली सगळी पोरं बाहेर काढा. माझ्याकडे आणू नका. हॉलमध्ये बसवा, लांब लांब." मग फोन उचलला. हा नंबर त्यांना पाठ होता.

"बाई? काय झालं? बरा आहे ना तो?"

"आत्ता बरा आहे. पण तुम्ही म्हणाला होतात, जवळपास कुणी आजारी असलं की कळवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "निघालेच मी. किती जवळ होतं? त्याच्या बाकावर?"

"त्याहून जवळ."

"अहो, पण अशा अवस्थेत शाळेत पाठवतं कोण?" त्या आईचा आवाज चिरकला. थेट बाईंच्याच सुरात ती बोलत होती. "घरच्यांना कळत नाही का? कुणी पाठवलं?"

बाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"कुणी पाठवलं नाही," त्या म्हणाल्या. "मीच आले."