सातवा कप

कराक शहरातल्या एका जमातीचे प्रमुख शेख मुतलक यांच्या बैठकीत दुपारी सहा पाहुणे येऊन बसले. चार मुलगे, दोन मुली, सगळी त्यांचीच नातवंडं. आजीनं प्रत्येकाच्या हातात कॉफीचा कप दिला. थोरली नात रहफ हिनं तो न पिता समोर जमिनीवर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

शेखांच्या कपाळाला आठी पडली. मागणं घेऊन आलेला पाहुणा शब्द मिळेपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही, आणि ती तशीच निवली तर यजमानाची मान खाली जाते. ही रीत त्यांनीच या पोरांना शिकवली होती.

"असं मागणं घेऊन वडीलधारे येतात. तुमच्यात एकाच्या तरी दाढीत पांढरा केस आहे का?"

"माझ्या हनुवटीवर तर काळाही नाही, आजोबा," रहफ म्हणाली. "संसदेला कोणाला उभं करायचं ते आपली जमात परवा ठरवणार. मत मात्र फक्त पुरुषांनी द्यायचं. आम्हा मुलींनाही देऊ द्या."

"उद्या म्हणशील, मलाच उभी करा!"

"ते पुढच्या कॉफीला."

मुलगे खाली मान घालून हसले. शेखांनी कपांवरची विरत चाललेली वाफ बघितली.

"बरं. शिकलेल्या पोरींची मतं घेऊ. प्या आता."

सहाही कप रिकामे झाले. मग आजीनं सातवा भरला, रहफच्या शेजारी बसली आणि तो तसाच जमिनीवर ठेवला.

"शिकलेल्यांचं झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "आता माझं बोला."