सकाळी सातचं इंजिन

मिस्त्रीने इंजिनावर तळहात टेकवला. इंजिन कोमट होतं.

फोनवर त्याने एकच अट घातली होती. मी येईपर्यंत इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. जुनं डिझेल इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. ज्याला काही लपवायचं असतं, तो गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतो. मग ते एका झटक्यात सुरू होतं, धूरही काढत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होऊन फसतं. अशा बऱ्याच बोटींना मिस्त्रीने धक्क्यावरूनच रामराम ठोकला होता.

"चला मास्तर," हात पुसत तो म्हणाला. "ही घ्यायची नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. फळ्यावर समुद्र काढले होते आणि तास संपला की डस्टरने पुसले होते. निवृत्तीनंतर एक तरी खरा समुद्र बघायचा, म्हणून दोन वर्षं ते जुनी मोटरयॉट शोधत होते. ही चौथी. आधीच्या तिन्हींवर मिस्त्रीनेच काट मारली होती. ही मात्र त्यांच्या मनात भरली होती.

"अहो, पण किती चकाचक ठेवलीय! पितळ बघा."

"बोट पितळेवर चालत नाही, मास्तर."

विकणाऱ्या बाई धक्क्यावर उभ्या होत्या. किल्ली अजून त्यांच्या हातातच होती.

"मीच लावला हात," त्या म्हणाल्या. "सातला सुरू केलं, सव्वासातला बंद केलं. रोज करते."

"मी नको म्हणालो होतो, वहिनी."

"माहीत आहे. पण एक दिवससुद्धा चुकवता येत नाही." त्यांनी धक्क्याला लागून असलेल्या घराच्या वरच्या खिडकीकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "वर माझे यजमान आहेत. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. आठ महिने झाले, अर्धं अंग गेलंय. धडधाकट होते तेव्हा सातच्या ठोक्याला इंजिनापाशी असायचे. ते अंथरुणाला खिळले, तेव्हापासून मी सुरू करते. ते ऐकल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."

"आणि विकताय, हे त्यांना?" मिस्त्रीने विचारलं.

"ठाऊक नाही. ऐकलं तर खचतील. पण चालवायला कोणी नसलं की बोट जागच्या जागी कुजते, हे त्यांच्याकडूनच शिकलेय मी. ती गेल्यावर सातला काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही."

मास्तर उगाच दोरखंडाकडे बघत राहिले. मिस्त्रीचा जन्म लबाड्या पकडण्यात गेला होता. ही लबाडी नव्हती. म्हणून तो इंजिनाबद्दल बोलला.

"वहिनी, डिझेलला काम लागतं. भार न देता नुसतं जागेवर धडधडत ठेवलं, की आत काजळी धरते. आठ महिने रोज म्हणजे थोडंथोडकं नाही. जपायला गेलात आणि त्याची वाट लावलीत."

किल्लीवरची बाईंची मूठ आवळली. "हे मला कोणी सांगितलं नाही. कप्तानही काही बोलले नाहीत."

"त्यांना वर पडल्यापडल्या काय कळणार? इंजिनाची नोंदवही आहे का? निदान किती बिघडलंय याचा अंदाज येईल."

"त्यांच्या उशाशी असते. पण सर्व्हिसिंगला आलोय म्हणून सांगा हं. पाया पडते तुमच्या."

मिस्त्री एकटाच जिना चढला. कप्तान उशांना टेकून बसले होते, तोंड खिडकीकडे.

"सर्व्हिसिंगला आलोय," मिस्त्री म्हणाला. "नोंदवही बघायची होती."

कप्तानांनी डाव्या हाताने वही पुढे सरकवली.

अर्ध्या वहीपर्यंत अक्षर छापल्यासारखं होतं. तेल बदललं. फिल्टर बदलला. नोझल साफ केले. मग एके ठिकाणी अक्षर मोडून पडलं होतं. डाव्या हाताने काढलेली मोठी, घसरती अक्षरं. तरी एकही दिवस सुटला नव्हता. सातला सुरू, सव्वासातला बंद, भार नाही. खाली पुन्हा तेच. पुढच्या पानावरही तेच. मधेच, सुरू व्हायला वेळ घेतला, पांढरा धूर. दोन महिन्यांनी, आवाज लंगडतोय, काजळी वाढली. आजच्या तारखेला लिहिलं होतं : सातला सुरू, सव्वासातला बंद. मिस्त्री येणार. कोमट इंजिन बघून परत फिरेल.

मिस्त्रीने वर पाहिलं.

"ती फोनवर बोलते," कप्तान म्हणाले, "ते वर ऐकू येतं."

मिस्त्रीने बोटी विकणारे पुष्कळ पाहिले होते. स्वतःच्याच बोटीविरुद्ध रोजच्या रोज पुरावा लिहून ठेवणारा हा पहिलाच. नोझल साफ करून भर समुद्रात तासभर जोरात पळवली, की काजळी झडून जाईल. बाकी सगळी निगा पानापानावर दिसत होती. मास्तरांना बोट घ्या म्हणून सांगायचं, हे त्याने तिथेच ठरवलं. एक गोष्ट मात्र त्याच्या गळी उतरत नव्हती.

"कप्तान, इंजिनाचं नुकसान होतंय हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मग एका शब्दाने बोलला का नाहीत?"

कप्तानांनी खिडकीतून खाली पाहिलं. बाई कठड्याचं पितळ पुसत होत्या. आधीच लखलखत होतं, तरी पुसत होत्या.

"बोलणार कसा?" एकेक शब्द जुळवत ते म्हणाले. "ते ऐकल्याशिवाय तिला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."