लांबचे काका

“आले का गं ते?” होडीतलं पाणी डब्याने उपसत नावाड्याने विचारलं.

“दुसरी बस यायचीय अजून, बाबा.”

मुलगी प्रश्नावल्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन धक्क्यावर बसली होती. सकाळपासून तीन माणसं येऊन गेली. तिघंही मागच्या गल्लीतली, चालत आलेली. म्हणजे काही कामाची नव्हेत.

विद्यापीठात ती पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकत होती आणि प्रबंधाला तिने घराशेजारचंच तळं घेतलं होतं. नगरपालिकेला ते बुजवून वर गोदामं बांधायची होती. पालिकेच्या समितीने तिच्या प्राध्यापक बाईंना सांगितलं होतं, तळ्याची किंमत काढून आणा, गोदामांपेक्षा जास्त भरली तर बघू. किंमत काढायची रीत पुस्तकात ठरलेली होती. माणूस जितक्या लांबून येतो, जितक्या खेपा घालतो, तितकं तळं मोलाचं.

“आणि मी?” नावाड्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “मी तर रोज दिवसभर पाण्यावर असतो.”

“तुम्ही चालत येता, बाबा. तुमचा खर्च शून्य.”

“वा! पिकतं तिथं विकत नाही, एवढं शिकायला विद्यापीठात जावं लागतं होय?”

तो हसला, पण त्यात जीव नव्हता. चार होड्यांपैकी तीन विकून त्याने पोरीला शिकवलं होतं. चौथी गळत होती. तळं गेलं की त्याच जागेवरच्या गोदामात पोती उचलायची, हे त्याला दिसत होतं. गोदामांच्या ठेकेदाराच्या माणसांना नावाड्यांनी होडीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच.

दुसरी बस आली आणि लांबचे काका उतरले. हे नाव बापलेकींनीच ठेवलेलं. पांढऱ्या मिशा, खांद्याला कापडी पिशवी, हातात गळाची काठी. दोन बस बदलून, साडेतीन तास प्रवास करून ते आठवड्यातून तीनदा येत. तीन महिन्यांत एकही खेप चुकली नव्हती. तळ्याचा आकडा चढला होता तो त्यांच्याच जिवावर.

“एका माणसावर आकडा उभा करू नये,” बाई म्हणाल्या होत्या. पण दुसरं होतं कोण?

म्हणून बापलेकींनी काकांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. होडीचं भाडं नाही, वर चहा, आणि ते म्हणतील तिकडे वल्हवत न्यायचं. काका एका जागी कधी बसत नसत. प्रत्येक ठिकाणी आधी गाठी मारलेली दोरी शिशाचं वजन लावून पाण्यात सोडत, मग गळ टाकत. मासा मात्र कधीच लागला नाही.

“मोठा मासा खोलात असतो. जाणकार माणूस आहे,” नावाडी कौतुकाने म्हणे. काका नुसती मान हलवत.

पाण्याच्या चकाकीत त्यांना गाठी दिसत नसत. मग होडीत मुलगीच मोजून सांगे, आणि त्यांचा हात थरथरतो म्हणून त्यांच्या वहीत लिहूनही ठेवी. एवढं तर ती आनंदाने करत होती.

“आजची प्रश्नावली राहिली, काका. येण्याचा उद्देश?”

धक्क्याकडे परतताना काका दोरी गुंडाळत म्हणाले, “तळं बघायला.”

तिने ‘विरंगुळा’पुढे खूण केली. “पुन्हा कधी?”

“आता नाही, बाळ. सगळं बघून झालं.”

उतरताना त्यांनी नावाड्याला विचारलं, “तुम्हाला दुसरं काही काम येतं का हो?”

“वल्ह्याशिवाय या हातांना काही ठाऊक नाही, काका.”

काकांनी खिशातून नोटा काढल्या. नावाड्याने हात जोडले. “तुमच्याकडून घेतले तर नरकात जाईन. तुमच्यामुळे तर तळं वाचतंय.”

नोटा परत खिशात घालून काका बसकडे चालू लागले.

शुक्रवारी समिती बसली. मागच्या खुर्चीत नावाडी इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसला होता. मुलीने आकडा वाचला. गोदामांपेक्षा तळं थोडं, अगदी थोडं, वरचढ भरलं होतं.

“मेहनत केलीस, मुली,” अध्यक्ष म्हणाले. “पण गोदामांचा आकडा आम्ही नावाड्यांनी तोंडी सांगितलेल्या खोलीवर काढला होता. ते म्हणायचे, तळं अथांग आहे. तेवढा भराव म्हणजे खर्चही अफाट. आता खरी मोजणी झालीय आणि तळं निम्म्यानेही खोल नाही, म्हणजे भरावाचा खर्च उतरला आणि गोदामं वरचढ झाली. ठेकेदाराच्या मोजणीदारांना आत बोलवा.”

दार उघडलं.

“अगं, लांबचे काका!” नावाडी आनंदाने उभाच राहिला. “आपल्या बाजूने बोलायला आले बघ!”

काकांनी मान वर केली नाही. पिशवीतून वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“अक्षर सुरेख आहे हो तुमचं,” पानं उलटत अध्यक्ष काकांना म्हणाले आणि त्यांनी वही मुलीपुढे सरकवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती तिनेच लिहिलेली होती.