तुम्हाला काय नवीन

"आई, तुम्ही इथल्याच. तुम्हाला त्यात काय नवीन?" गाडीचं दार लावताना सूनबाई म्हणाली. मुलगा पुण्याहून दोन दिवस आला, तो बायकोला रत्नागिरी दाखवायला. मी वाटेत लागले, एवढंच.

"सगळं पाहून विटलेय मी. जा तुम्ही," मी म्हटलं. खोटंच. लग्न होऊन आल्यापासून दीपगृहाचा उजेड रोज माझ्या खिडकीवरून फिरतो, पण तिथवर मला कुणी नेलं नाही. आणि ‘मला ने’ म्हणेल अशी माझी जीभ नाही.

ते पुण्याला परतले, तशी मी रिक्षा केली आणि गुडघे धरत दीपगृह चढले. खाली किल्ला, बंदर, होड्या, सगळं दिसलं.

फिरायला आलेली एक मुलगी म्हणाली, "आजी, फोटो काढू? कुणाला पाठवायचा ते सांगा."

मी पदर सारखा केला.

"काढ. तुझ्याकडेच राहू दे."